इंजिनाचा पोळा

नोकरीतल्या बऱ्याच तपासांची आता डोक्यात सरमिसळ झाली आहे. कोणता चोर कोणत्या ठाण्याच्या हद्दीतला, हे विचारले तर मला सांगता येणार नाही. पोळ्याच्या सणातली ती घरफोडी मात्र अजून अगदी लख्ख डोळ्यांपुढे आहे. त्या प्रकरणाने माझी बढती अडवली. ते मी विसरलेलो नाही आणि विसरणारही नाही. तरीही त्या प्रकरणाचे माझ्यावर उपकार आहेत, आणि आज लिहायला बसलो तो त्या उपकारांसाठी.

मी पोलिसात शिपाई म्हणून लागलो. घरात कोणी शिकलेले नव्हते, वर कोणी ओळखीचे नव्हते. खात्याच्या परीक्षा देत देत ठाणेदार झालो. साठ सालानंतरची गोष्ट. यवतमाळ जिल्ह्यात दारव्ह्याच्या बाजूला एका बाजाराच्या गावी माझे ठाणे होते. गावाबाहेर नाला, आणि नाल्यापलीकडे बंजाऱ्यांचा तांडा. त्यांचे वाडवडील बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलुखभर फिरायचे. आता ते ज्वारी-कापूस करत होते. या लोकांना जन्मानेच गुन्हेगार धरणारा कायदा जाऊन काही वर्षे झाली होती, पण ठाण्यांची सवय गेली नव्हती. कुठे चोरी झाली की शिपायाचे पाय आपोआप तांड्याकडे वळायचे.

त्या तांड्यावर एक माणूस होता. सगळे त्याला मिस्तरी म्हणत. कापसाच्या जिनिंगमध्ये यंत्रांना तेलपाणी करता करता तो यंत्रे शिकला होता आणि त्याने सायकलची फटफटी बनवली होती. लढाईच्या वेळचे, बॅटरी चार्ज करायचे एक लहान इंजिन त्याने नागपूरच्या भंगारातून आणले आणि लोखंडी पट्ट्यांनी सायकलच्या सांगाड्यात कसले. मागच्या चाकाला सागाच्या लाकडाची पुली बसवली. जिनिंगमधला टाकाऊ चामडी पट्टा उभा चिरून तो इंजिनापासून चाकापर्यंत नेला. पावसात पट्टा घसरायचा, म्हणून त्याला राळ चोळायचा. पेट्रोलची टाकी म्हणजे तुपाचा डबा. पेट्रोलमध्ये तो एरंडीचे तेल मिसळायचा, त्यामुळे ही गाडी गेली की रस्त्यावर एरंडेलाचा वास रेंगाळायचा.

गाडी बनवून तो थांबला नव्हता. रोज काहीतरी चालूच. थोडे अंतर जायचा, उतरायचा, प्लग काढून पाहायचा. प्लग काळा निघाला तर पेट्रोल जास्त, पांढरा निघाला तर कमी. मग कार्बोरेटरचा स्क्रू किंचित फिरवायचा, परत पेडल मारत सुटायचा. प्लग विटकरी रंगाचा निघाला की भर रस्त्यात ओरडायचा, "आता बोलून राह्यली!" माणूस बढाईखोर होता. आपल्या गाडीपुढे यवतमाळची प्रवासी मोटार काहीच नाही, असे तो मोटारीच्या ड्रायव्हरलाच ऐकवायचा.

या गाडीवर तो दारव्ह्याहून लोकांना लागेल ते सामान आणून द्यायचा. त्यामुळे गावातल्या एका व्यापाऱ्याचे गिऱ्हाईक तुटू लागले होते. व्यापारी बाहेरून येऊन स्थायिक झालेला, कापडाचे दुकान, सामान वाहायला घरचे छकडे. मिस्तरीचे नाव निघाले की त्याचे तोंड कडू व्हायचे. हे मला माहीत होते, पण कडू तोंड हा काही पुरावा नाही.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी हाच व्यापारी फिर्याद घेऊन आला. आदल्या संध्याकाळी सगळे गाव पोळ्याच्या तोरणापाशी बैल पाहायला जमलेले असताना त्याच्या गोदामाचे कुलूप फोडून कापडाचे गठ्ठे नेले होते. "मी मागच्या दारी आलो, साहेब, तर मिस्तरी फटफटीवर गठ्ठा बांधून पळत होता. फटफट आवाज, धूर, सगळं पाहिलं मी," असे त्याने सांगितले. त्याच्या हमालाने तोच जबाब दिला, जवळजवळ त्याच शब्दांत.

दुपारी एक खबऱ्या आला.

"तांड्याखालच्या नाल्यात, सिंदीच्या झाडाच्या बुडाशी गठ्ठा हाये जी."

"तुला काय पाहिजे?"

"काई नाई जी. सरकारची सेवा."

इथे माझे कान टवकारले. हा गडी चहा-बिडीसाठीसुद्धा माझ्याशी घासाघीस करायचा, आणि मीही त्याला सहज काही देत नसे. ज्या खबरीचा भाव ठरत नाही, तिचा भाव दुसऱ्या कोणी आधीच चुकवलेला असतो. हे मला कोणत्या परीक्षेत शिकवले नव्हते. मी ते मनात ठेवले आणि पंच घेऊन नाल्यावर गेलो. गठ्ठा सांगितल्या जागीच मिळाला. पंचनामा केला आणि तसाच तांड्यावर चढलो.

मिस्तरी घराच्या ओसरीवर एका घमेल्याजवळ बसला होता. जमादाराने त्याच्या दंडाला हात घातला तशी त्याची आई पुढे आली. तांड्यावर सगळे तिला याडी म्हणत, म्हणजे आई.

"कुठं नेता जी माह्या लेकाले?"

"काल संध्याकाळी फटफटीवर चोरीचा माल नेला त्याने."

"काल? पोयाच्या दिवशी?" ती माझ्याकडे वेड्याकडे पाहावे तशी पाहू लागली. "पोयाच्या दिवशी बैल जुपते का कोणी? तुमी जुपता?"

"म्हातारे, इंजिन म्हणजे बैल आहे का?" मी ओरडलो. माझा आवाज चढला की ठाण्यातले शिपाई भिंतीला लागत. ही बाई जागची हलली नाही.

"खाते, पेते, ओझं वाह्यते, मनात आलं त रुसून बसते. बैल नाई त काय हाये? तुमीच सांगा, साहेब हा ना तुमी?"

तांडा हसला. मला फार राग आला. पण तिने घमेल्यावरचे फडके उचलले आणि मी खाली पाहिले. रॉकेलमध्ये इंजिनाचे सुटे भाग पडले होते. झाकणाला हळदकुंकू लागले होते. भिंतीला टेकवलेल्या सायकलच्या हँडलला बेगड चिकटवलेली होती, आणि समोर पानावर पुरणपोळीचा नैवेद्य.

मिस्तरी बोलू लागला. पोळ्याच्या आदल्या दिवशी आपल्याकडे खांदशेकणी असते. वर्षभर जू ओढलेल्या बैलांचे खांदे तूप-हळदीने शेकतात. "आमच्या बापजाद्यानं बैलाच्याच जिवावर पोट भरलं. माहं पोट हिच्यावर. म्हून तिचंबी तसंच करतो. खांदशेकणीले खोलतो, डोक्यातली काजळी खरडतो, पोयाले आराम. दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोयाले, जोडतो. औंदा खरडताना रिंग तुटली जी."

"कशी तुटली?"

"घाई केली. माह्याच हातानं तुटली."

पिस्टनवरची, इंजिनातला दाब धरून ठेवणारी एक रिंग आधीच झिजून गेली होती. ही दुसरी, शेवटची. ती तुटल्यावर त्याने पोळ्याच्या सकाळी नागपूरला जाणाऱ्या पहिल्या मोटारीच्या ड्रायव्हरजवळ तुकडे दिले होते, त्या मापाची रिंग आणायला.

"मग आणली का?"

"आणली असती त मी असा घमेल्याजवय बसून राह्यलो असतो का?"

मी त्याला ठाण्यात आणले. घमेले, सायकल, सगळे पंचनाम्यावर घेतले. जमादार म्हणाला, "साहेब, बनाव हाये. चोरी झाल्यावर रिंग तोडली असन." शंका रास्त होती. रिंग तुटली होती हे दिसत होते. ती केव्हा तुटली, यावर सगळे होते.

संध्याकाळी सर्कल साहेब, म्हणजे माझे वरचे इन्स्पेक्टर, आले. "माल तांड्याखाली, साक्षीदार दोन, आरोपी तांड्याचा. तुम्हाला आणखी काय पाहिजे? बदमाश रजिस्टरात नाव चढवा आणि चार्जशीट पाठवा."

त्या रजिस्टराचा अर्थ बाहेरच्यांना कळणार नाही. त्यात नाव एकदा चढले की कोर्टाने सोडले तरी ते उतरत नसे. पुढे हद्दीत कुठेही चोरी झाली की त्या माणसाला उचलायचे, रात्री-अपरात्री दार वाजवून तो घरी आहे का पाहायचे. अशा माणसाला कोण आपले सामान आणायला सांगेल? आणि आज एक नाव लिहिले की उद्या त्याच्या भावांची लिहायला हात कचरत नाही.

"ड्रायव्हरची गाडी येऊ द्या साहेब," मी म्हणालो.

"आजच्या आज पाहिजे मला."

"बाजाराच्या दिवशी तो या रस्त्याला असतो. तोवर द्या. ड्रायव्हर नाही म्हणाला तर नाव मी स्वतः लिहितो, तुमच्यासमोर."

"वांगी घेता का ठाणेदार? किती घासाघीस करता!"

"घासाघीस केली म्हणूनच इथवर आलो साहेब," मी म्हणालो. ते त्यांना लागले. पण बाजारापर्यंतची मुदत मी मिळवली.

बाजाराच्या दिवशी मी मोटारीच्या अड्ड्यावर उभा होतो. ड्रायव्हर खाली उतरला तसे मी नुसते म्हणालो, "मिस्तरीचे काय आणले?"

त्याने कपाळावर हात मारला. "अरे बाप्पा! विसरलोच जी मी!" शर्टाच्या खिशातून त्याने एक कागदाची पुडी काढली. आत रिंगचे दोन तुकडे. "पोयाच्या सकाळी देल्ली त्यानं. नागपुरात दुकानं बंद होती, मंग डोक्यातूनच गेलं. लय बोंबलून राह्यला असन ना थो?"

"आहे, ठाण्यात."

ड्रायव्हरचा चेहरा उतरला. पोळ्याच्या सकाळपासून तो या गावात परत आलाच नव्हता. कंडक्टरनेही पुडी घेताना पाहिले होते. दोघांचे जबाब मी तिथेच घेतले.

सर्कल साहेबांचे तरी समाधान होईना. रिंग नसली म्हणून गाडी चालणारच नाही कशावरून? मग मी ठाण्याच्या आवारात पंच बोलावले, व्यापाऱ्याला आणि हमालाला बोलावले, आणि मिस्तरीकडून रिंग न घालता इंजिन जोडून घेतले. जमादार अंगाने भरलेला. तो सायकलवर चढला आणि आवारात पेडल मारत सुटला. इंजिनातून फुस्स फुस्स आवाज, बाकी काही नाही. जमादार घामाघूम झाला.

"हान जमादार, हान!" मिस्तरी बेड्यांतूनच ओरडला. "तुह्या फुसफुशीनंच चालन आता!"

शिपाई तोंड फिरवून हसले. मी हमालाकडे पाहत होतो. तो हसत नव्हता. त्याला मी आत नेले, समोर बसवले आणि रिंगचे तुकडे टेबलावर ठेवले.

"ही त्या दिवशी सकाळपासून ड्रायव्हरच्या खिशात होती. फटफट तू कसली ऐकलीस?"

त्याने एक तुकडा उचलला आणि परत ठेवला. मी ओरडलो नाही. काही माणसांना ओरडा सोपा जातो, शांतता जड जाते.

"शेटजीनं सांगतलं थे बोललो जी. कुलूप त्यायनंच तोडलं. बाकीचे गठ्ठे त्यायच्या घरातच हायेत. नाल्यात एक म्याच ठेवला."

"नेलास कशावर?"

"डोक्यावर जी."

"घरी छकडा आहे, बैल आहेत. डोक्यावर कशाला?"

त्याने मान वर करून माझ्याकडे पाहिले. त्याच्या डोळ्यांत मला पहिल्यांदाच खरा धक्का दिसला. "पोयाच्या दिवशी बैल कसा जुपू जी?"

खोटा जबाब दिला, निरपराध माणसाला गोवले, पण पोळ्याच्या दिवशी बैलाच्या मानेवर जू ठेवायला त्याचा हात धजला नाही. आणि व्यापाऱ्याला वाटले, यंत्राला कसला आला सण? तिथेच तो फसला.

गठ्ठे व्यापाऱ्याच्या माडीवर मिळाले. खोट्या फिर्यादीबद्दल त्याच्यावर खटला झाला. मिस्तरी त्याच दिवशी सुटला. ड्रायव्हरने पुढच्या फेरीला लाजत नवी रिंग आणून दिली. इंजिन मिस्तरीने ठाण्याच्या दारातच जोडले, कारण ते बोलते की नाही हे मला ऐकवल्याशिवाय त्याला चैन पडत नव्हते. पहिल्यांदा खोकले, दुसऱ्यांदा धूर काढला. त्याने स्क्रू फिरवला, प्लग पाहिला, आणि तिसऱ्यांदा ते असे एकसारखे चालू लागले की समोरच्या हॉटेलातली माणसे कप हातात घेऊन बाहेर आली.

आता माझे सांगतो. तपासाचा अहवाल सर्कल साहेबांच्या नावाने वर गेला. शाबासकी त्यांना मिळाली. माझ्या गोपनीय शेऱ्यात आले, 'तपासात विनाकारण दिरंगाई, तांड्याच्या लोकांशी सलगी.' माझ्यामागून आलेले पुढे गेले. मी अर्ज केले, भांडलो, उपयोग झाला नाही. आज इतक्या वर्षांनीही तो शेरा आठवला की माझे डोके तापते.

पण त्याच वेळी तो ड्रायव्हर आठवतो. विसराळू नसता, तर तुकडे कुठेतरी फेकून नवी रिंग घेऊन आला असता आणि माझ्या हाती काही राहिले नसते. तो हमाल आठवतो. आणि सगळ्यांत जास्त याडी आठवते, जिने पोलिसांना न घाबरता फडके उचलले. कायदा मी पुस्तकातून शिकलो. पण माणूस कोणती गोष्ट करील आणि कोणती काही झाले तरी करणार नाही, हे त्याच्या रीतीभातीत शोधायचे असते, ते मी या लोकांकडून शिकलो. पुढे कितीतरी तपासांत मी आधी विचारत असे, त्या दिवशी सण कोणता होता, आणि या घरात तो कसा पाळतात.

त्या ठाण्यावरून माझी बदली झाली, तेव्हा खात्याने निरोप दिला नाही. सकाळी सामान बाहेर काढले तर दारात मिस्तरी आणि त्याची आई. त्याने माझी वळकटी फटफटीवर बांधली. म्हातारीने ज्वारीच्या भाकरी आणि ठेचा फडक्यात बांधून आणला होता. ते गाठोडे माझ्या हातात देत ती म्हणाली, "साहेब, ओरडता लय तुमी. पण ओरडून झालं का ऐकता."

माझ्या सेवापुस्तकात हा शेरा कुठेही नाही. मी तोच खरा मानतो.