फाडलेल्या पानावरची सूचना

"त्या पोट्टीले काउंटरवर बसवू. इंग्लिश फर्स्टक्लास आहे तिची, अन् लॅबमध्ये नुसती वाचूनच तर राहिली."

प्लायवूडच्या भिंतीपलीकडच्या केबिनमधून सरांचा आवाज आला. मी लॅबमध्ये प्रिंटआउट धरून उभी होते.

"हव, सर," भैया म्हणाले. "पालकांशी बोलाले बरी राहील. बोलली तर!"

दोघंही हसले.

चौबे कॉलनीतल्या त्या कॉम्प्युटर इन्स्टिट्यूटमध्ये मला तीन महिन्यांसाठी ठेवून पाहत होते आणि पहिला महिना संपत आला होता. रायपूर नुकतंच नव्या राज्याची राजधानी झालं होतं. रोज कुठलं तरी नवं ऑफिस उघडे आणि कॉम्प्युटर येणारी माणसं शोधू लागे. सरांना लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीमचा कोर्स काढायचा होता. त्यासाठी आधी एका मशीनवर लिनक्स मुळापासून उभं करून दाखवायचं, असं त्यांच्या मनात होतं. तयार सीडी टाकायची नाही; सोर्स कोड आणून एकेक भाग आपणच कंपाइल करायचा, म्हणजे मशीनला चालवता येईल असा बनवायचा. हे कसं करायचं याची सगळी पानं इंटरनेटवरून उतरवून डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर छापली होती. लांबच लांब, एकाला एक जोडलेली.

भैया लॅबचे इन्चार्ज. बीरगांवहून स्कूटरवर येत. आमच्यासारखेच मूळचे विदर्भातले, पण इंग्रजी वाचायचा त्यांना कंटाळा. म्हणून मी वाचायची आणि ते टाइप करायचे. घरी मराठी, शाळेत इंग्रजी, बाहेर हिंदी अशा तीन भाषा मला येत होत्या आणि तिन्हींत मी गप्प असायची. दुसऱ्याचं लिहिलेलं मोठ्यानं वाचायला मात्र मला भीती वाटत नसे. काउंटरवर तसं कोणी लिहून देणार नव्हतं. शिवाय मला कीबोर्ड हवा होता.

इन्स्टिट्यूटची एक पद्धत होती. काम झालं की पान फाडायचं आणि कोऱ्या बाजूला वापरायला टायपिंगच्या क्लासमध्ये द्यायचं. "झालं? फाडा. पुढं चला," हे भैयांचं ठरलेलं. पान फाटलं की काम पुढे सरकल्यासारखं वाटे. मलाही वाटे.

दुसरी पद्धत सरांची. संध्याकाळी घरी जाताना ते भिंतीवरचा मेन स्विच बंद करून जात. सकाळी मशीन पुन्हा चालू करून आम्ही जिथं थांबलो होतो त्या ओळीपासून पुढे जायचो.

तिसऱ्या दिवशी जेवणानंतर काहीच कंपाइल होईना. स्क्रीनभर एरर. भैयांनी तीच कमांड चार वेळा टाइप केली, मग माझ्या हातातल्या कागदांकडे पाहिलं. "हे छापलेलंच गलत आहे. कुठल्या कुठल्या साइटवरून उतरवतात!" ते सरांना सांगायला केबिनमध्ये गेले आणि मघाचं ते बोलणं झालं. ठरलं असं की शनिवारी तयार सीडी टाकायची आणि सोमवारपासून मी काउंटरवर.

भैया तसेच खाली चहाला गेले. मी टायपिंगच्या क्लासमध्ये जाऊन रद्दीचा गठ्ठा मागितला. तिथल्या मॅडमनी कारण विचारलं नाही, हे बरं झालं. कागदांवर मुलांचे अर्ज आणि तक्ते टाइप झाले होते. एकेक उलटून पाहत गेले. मला हवं असलेलं पान खालून तिसरं होतं. कोऱ्या बाजूला कुणीतरी आजारपणाच्या रजेचा अर्ज टाइप केला होता. छापील बाजूला चौकटीत एक सूचना होती.

नवी सिस्टीम हार्डडिस्कच्या वेगळ्या भागात उभी करायची होती. त्या भागाचा पत्ता मशीनला एका छोट्या नावानं सांगून ठेवायचा. मशीन बंद झालं की ते हा पत्ता विसरतं. म्हणून दर वेळी चालू केल्यावर तो भाग पुन्हा जोडा आणि पत्ता पुन्हा सांगा, असं त्या चौकटीत लिहिलं होतं.

लॅबमध्ये परत येऊन मी पहिल्यांदाच भैयांच्या खुर्चीवर बसले. ते छोटं नाव देऊन मशीनला पत्ता विचारला. उत्तरात रिकामी ओळ आली. म्हणजे पत्ताच नसल्यामुळे दोन दिवस आम्ही नवीन फाइल मशीनच्या चालू, जुन्या सिस्टीमवरच टाकत होतो, तिच्या फाइल पुसत होतो. छापलेलं बरोबर होतं.

ती चौकट मीच वाचून दाखवली होती. भैया म्हणाले होते, "बंद केल्यावर पाहू." दुसऱ्या सकाळी मशीन चालू झालं तेव्हा मला आठवलं होतं की इथं काहीतरी करायचं होतं. पान जवळ नव्हतं आणि भैयांची बोटं चालू झाली होती. मी गप्प बसले. पान त्यांनी फाडलं हे खरं, पण त्या सकाळची चूक माझी होती.

शनिवारपर्यंत मी फाडलेली पानं शोधून, सरळ करून, ओळीनं लावली. दोन मिळाली नाहीत. ती सायबर कॅफेतून पुन्हा छापून आणली. घरी आईनं विचारलं, "काय वाचून राहिली इतकं?" मी म्हटलं, "ऑफिसचं." रात्री जेवताना तेवढंच बोलणं.

शनिवारी सकाळी सर सीडी घेऊन लॅबमध्ये आले. भैया खुर्ची ओढून बसायला लागले. मी खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला. भैयांनी वर पाहिलं.

"काय झालं, दीदी?" ते थट्टेनं म्हणाले. "काही वाचायचं राहिलं काय?"

सरांकडे बघितलं तर शब्द निघणार नाहीत हे माहीत होतं, म्हणून त्यांच्या हातातल्या सीडीकडे बघत मी म्हटलं,

"सर, छापलेलं गलत नाही. बंद केल्यावर पत्ता पुन्हा द्यायचा होता, तो आपण दिला नाही. मले दुसऱ्या दिवशी सकाळीच आठवलं होतं अन् मी बोलली नाही. ती सीडी मले द्या. बिघडलेली जुनी सिस्टीम तिच्यावरून नव्यानं टाकते अन् पुन्हा पहिल्या पानापासून करते, टाइप मीच करीन. काउंटरवर मी बसणार नाही."