बिघाड रेकॉर्ड प्लेअरचा की कानांचा

दसरा होऊन आठवडा झाला असेल. दुपारची कामं आटोपली, ओटा पुसला आणि मी माझी आवडती ठुमरीची रेकॉर्ड लावली. गाणाऱ्या बाई नेहमीसारख्या सावकाश वरच्या सुरांत चढल्या आणि तार षड्जाला पोचताच त्यांचा आवाज फाटला. नुसता खरखरला नाही, जुनं लुगडं टर्रकन फाडावं तसा फाटला. मी सुई उचलली, रेकॉर्ड पुसली, पुन्हा लावली. पुन्हा तेच.

अशा वेळी कुणीही आधी यंत्रावर संशय घेईल. मला तो घेण्याचं धाडस होईना, कारण माझ्या आईनंही आधी रेडिओवरच घेतला होता. साठीला आल्यावर ती म्हणायला लागली, रेडिओ फाटका वाजतो. आम्ही तो दुरुस्त करून आणला, मग नवा आणला. नवाही फाटका वाजायला लागला तेव्हा कुठं आमच्या डोक्यात प्रकाश पडला. सुरुवातीला बाकी सगळं तिला ऐकू यायचं. कुकरच्या शिट्ट्या, दारावरची बेल, सुनांची कुजबुज तर हमखास. फक्त गाणं फाटायचं. पुढं सगळंच गेलं. शेवटी शेवटी ती चारचौघांत नुसती हसत बसायची, आणि लग्नात सनई वाजत असताना माझ्या कानाशी येऊन विचारायची, "सुरू झाली का गं?" तिला रेडिओ फाटका वाटायला लागला, त्या वयाची मी आता आहे.

म्हणून मी साक्षीदार शोधला. मुलगी लग्न होऊन गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. नवरा चितेगावच्या एका कारखान्यातून निवृत्त झालेला, आयुष्य मशिनांच्या आवाजात काढलेला. संध्याकाळी त्याला स्पीकरसमोर बसवलं आणि तीच रेकॉर्ड लावली.

"कसं वाजतंय?"

"मस्त वाजायलंय की."

"नीट ऐका ना. बाई वर गेल्या की?"

"वर बी मस्तच हाय," तो म्हणाला आणि पेपर उघडून त्याच्या आड गेला.

आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, पण त्याच्या 'मस्त'वर मी त्या संध्याकाळी जितकी चिडले तितकी कधीच चिडले नसेन. चिडण्याखाली भीती होती, हे सांगायला हवं. त्याला मस्त ऐकू येतंय आणि मला फाटकं, म्हणजे निकाल लागलाच होता.

तरी मी हार मानली नाही. यंत्राची झडती घेतली. मागच्या सगळ्या वायरी काढून परत खोचल्या. डाव्या स्पीकरची वायर उजव्याला आणि उजव्याची डाव्याला लावली, तर दोन्ही सारखेच फाटत होते. रिक्षा करून औरंगपुऱ्यात गेले आणि नवीन वायरी घेऊन आले. दुकानदार म्हणाला, "मॅडम, ही जुनी लफडी कशाला सांभाळता?" त्याला मी काय बोलले ते इथं लिहीत नाही. सुईचा भार ठरवणारं मागचं चाक फिरवून तो भार नव्यानं बसवला. चष्मा लावून सुई निरखली, फुंकर मारली. सुई ज्या लाल प्लॅस्टिकमध्ये बसते तेवढं लाल दिसलं, बाकी काही नाही. मोबाइलवर गाणं लावून पाहिलं, पण मोबाइलवरचं गाणं मला पहिल्यापासून पत्र्याच्या डब्यातलंच वाटतं, त्यामुळे ती परीक्षा बाद. दर वेळी सुई टेकवताना मी मनात म्हणायचे, यंत्रा, आता तरी कबूल कर, तुझंच काहीतरी बिघडलंय.

ते काही कबूल करेना. शेवटी मी कानाच्या डॉक्टरांची वेळ घेतली आणि नवऱ्याला सांगितलं नाही.

डॉक्टरांकडे जायच्या आदल्या दिवशी दुपारी मी पुन्हा तीच रेकॉर्ड लावून बसले होते. नीट ऐकून घ्यावं, जितकं येतंय तितकं, असा विचार होता. दार उघडंच होतं. वरच्या मजल्यावरच्या भाभी कढीपत्ता मागायला आल्या. या उर्दू शाळेत शिकवायच्या. मनात एक आणि ओठावर एक हे त्यांना जमत नाही, त्यामुळे कॉलनीत निम्मे लोक त्यांना टरकून असतात. त्या उंबऱ्यातच थांबल्या आणि कपाळाला आठ्या घालून म्हणाल्या,

"वैनी, ये क्या बज रा जी? इस बेचारी का गला बैठ गया क्या?"

मी उठले आणि त्यांना मिठी मारली. त्या पार गोंधळल्या.

"तुम्हाला पण फाटकं ऐकू येतंय?"

"हौ! बहिऱ्याला बी ऐकू येईल. बंद करो पहले."

त्या क्षणी मला जे सुख झालं ते चांगल्या वाजणाऱ्या रेकॉर्डनंही कधी दिलेलं नाही. यंत्र बिघडलंय! माझं लाडकं यंत्र चांगलंच बिघडलंय! भाभींचा हात धरून मी त्यांना आत ओढलं, आणि त्यांच्या मोबाइलचा टॉर्च लावून आम्ही दोघी सुईवर ओणवलो. भाभींनी मोबाइल खाली सरकवून सुईचा फोटो काढला आणि बोटांनी मोठा केला. लाल प्लॅस्टिकला चिकटून आणखी एक लाल होतं. सुईच्या टोकाला वाळून घट्ट झालेला गोळा.

कुंकू. मी कपाळावर हात मारला. खंडेनवमीला कारखान्यातली सगळी मशिनं पुसून त्यांची पूजा करायची, ही नवऱ्याची नोकरीभरची सवय. निवृत्तीनंतर कारखाना उरला नाही, मग तो घरातलं जे जे फिरतं त्याची पूजा करतो. मिक्सर, पंखा, स्कूटर, शिलाई मशीन. यंदा रेकॉर्ड प्लेअरचीही पाळी आली होती. हळदीकुंकवाची बोटं सुईच्या दांडीवर, आणि नंतर माझी बोलणी नकोत म्हणून ओल्या फडक्यानं पुसापुशी. वरचं निघालं, खालचं ओघळून सुईवर बसलं.

मऊ ब्रशला थोडं स्पिरिट लावून मी हलक्या हातानं, मागून पुढं, मागून पुढं असं ते सोडवलं. भाभी टॉर्च धरून होत्या. मग सुई टेकवली. बाई वर गेल्या, तार षड्जावर थांबल्या, आणि तो स्वर तुपासारखा स्वच्छ होता. मला रडू आलं. भाभी म्हणाल्या, "अब कायको रोना?" आणि स्वतःच पदरानं डोळे पुसले. कढीपत्ता त्या विसरूनच गेल्या.

नवरा भाजी घेऊन आला तेव्हा मी तोफ तयार ठेवली होती. कुंकवाची सगळी हकिकत ऐकवली, डॉक्टरांची वेळ घेतल्याचंही सांगितलं, आणि म्हटलं, "एवढं फाटकं वाजत होतं आणि तुम्ही मस्त मस्त काय म्हणत होता?"

तो पिशवी खाली ठेवून खुर्चीत बसला.

"मला बी फाटकंच ऐकू येत होतं गं," तो म्हणाला. "मला वाटलं, मशिनांनी माझे कान खाल्ले. तू इतक्या आवडीनं लावतीस, आता हिला कसं सांगावं, की मला तुझं गाणंच कळंना."

तोफ तिथंच विझली. कितीतरी दिवस आम्ही दोघं एकाच सोफ्यावर बसून, एकमेकांपासून लपवून, बहिरे होत होतो.

मी उठून रेकॉर्ड पुन्हा पहिल्यापासून लावली आणि आवाजाचं बटण चांगलं मोठं केलं. बाई वर चढायला लागल्या. तो डोळे मिटून ऐकत होता, आणि हळूहळू त्याच्या चेहऱ्यावर हसू पसरलं.

"बारीक कर की जरा," तो म्हणाला, "ऐकू येतंय मला."