नेपाळातला आपल्याकडचा माणूस

डाव्या पायाची दोन बोटं मी नेपाळात ठेवून आलो. रोज सकाळी बूट चढवताना त्यांची आठवण होते आणि आठवण झाली की मी दोन माणसांना शिव्या घालतो. एक तिथला आमचा वाटाड्या. दुसरे आप्पा, ज्यांनी तो निवडला. आप्पा जाऊन बरीच वर्षं झाली. माझ्या शिव्या अजून चालू आहेत.

मी तेव्हा शिरूरच्या एसटी डेपोत वाहतूक नियंत्रक होतो. मोठा दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली होती. रविवारी किल्ले चढणारं आमचं बारा जणांचं एक डोंगर मंडळ होतं. त्यात मार्केट यार्डातले काही, एक-दोन मास्तर, बाकी मांडवगण फराट्याचे आणि राहूचे बागाईतदार. आमच्या बौद्धवस्तीतला मी एकटा. आप्पा मंडळाचे अध्यक्ष, मांडवगणच्या सोसायटीचेही चेअरमन. एका वर्षी ठरलं की दहा जणांनी नेपाळात जाऊन बारा दिवस डोंगरात चालायचं. पासपोर्ट लागत नव्हता, दौंडला गाडीत बसलं की निघालोच. फक्त वाट, हमाल, तंबू आणि शिधा बघणारं तिकडचं कुणीतरी हवं होतं.

दोन माणसं समोर आली. एक पोखऱ्याचा गुरखा, पलटणीतून निवृत्त झालेला. त्यानं हिंदीत पत्र पाठवलं, त्यात कबूल काहीच केलं नव्हतं, नुसते प्रश्न विचारले होते. प्रत्येकाचं वय काय, दम कुणाला लागतो, वर कुणी आजारी पडला तर त्याच्याबरोबर खाली कोण उतरणार ते आधी ठरवून कळवा. आप्पांना ते पत्र भलतंच झोंबलं.

"ह्यो आपल्याला डोंगर दावतोय का पलटणीत भरती करतोय?" म्हणाले आणि पत्र बाजूला सारलं.

दुसरा काठमांडूत राहणारा, पण मराठी बोलणारा. त्याची आई राहूकडची. तो पुण्याकडं आला होता म्हणून आम्ही त्याला दौंड स्टेशनावर गाठलं. आल्या आल्या तो आप्पांच्या पाया पडला. मग एकेकाला गाव विचारलं, मामाचं गाव विचारलं. राहूच्या एकाशी तर चुलत्याच्या मेव्हण्याकडून नातंसुद्धा जुळवलं. माझी पाळी आली तेव्हा मी आडनाव सांगितलं. तो म्हणाला, "चहा सांगू या का?" आणि पुढच्या माणसाकडं वळला.

हमाल किती, तंबू कसले, असं काहीही विचारलं तरी त्याचं उत्तर एकच, "त्येची काळजी सोडा, आप्पा." आमच्याकडं सोयरीक जमवताना जे बघतात तेच आम्ही बघितलं, माणूस कुणाचा. अर्ध्या तासात आप्पांनी तिथंच सुपारी फोडली. मी गप्प बसलो. त्याबद्दल मी स्वतःलाही शिव्या घालतो.

नेपाळात पोचलो तर बारा हमाल लागत होते तिथं त्यानं नऊच आणले होते. पाचव्या दिवशी उंचीवर माझं डोकं फुटायला लागलं, पोटात पाणी ठरेना. मी सगळ्यांच्या मागं पडलो. तो वाटाड्या माझ्यासाठी थांबला आणि मेंढपाळांच्या एका रिकाम्या दगडी गोठ्यात त्यानं मला बसवलं.

"थांबा इथं. तुम्हाला खाली न्यायला मानूस येतोय."

माणूस आला नाही, कारण पाठवायला माणूसच नव्हता. एका जणाला टाकणं भाग होतं आणि कुणाला टाकायचं ते त्यानं दौंडलाच बघून ठेवलं असावं. मी तिथं दोन दिवस आणि दोन रात्री काढल्या. तिसऱ्या दिवशी मेंढ्या घेऊन उतरणारं एक नवरा-बायकोचं जोडपं आलं, त्यांनी मला धरून धरून खाली आणलं. तोवर पायाची बोटं काळी पडली होती.

पुढं गेलेल्या नऊ जणांना त्यानं सांगितलं होतं, "तुमचे कंट्रोलर भ्याले. मीच परत जातो म्हनले आन् गेले." नऊच्या नऊ जणांनी ते खरं मानलं. आमच्या एसटीत साधा कंडक्टरसुद्धा गाडी सोडण्याआधी मागं वळून माणसं मोजतो. यांनी मागं बघितलं नाही. मी लंगडत शिरूरला पोचलो तेव्हा माझ्या भित्रेपणाची गोष्ट माझ्याआधी गावात फिरत होती. मी खरं सांगायला लागलो की लोक हसायचे. "त्येला कशाला झेपतंय," असं आप्पा माझ्या माघारी म्हणाले, तेही मला कळलं. मला पैसे नको होते, माफीही नको होती. या नऊ जणांच्या तोंडून एवढंच ऐकायचं होतं की मी पळालो नव्हतो. ते ऐकेपर्यंत मी डूख धरून बसलो.

दीड वर्षानं संधी आली. मंडळाला पुन्हा नेपाळचे वेध लागले आणि आप्पांनी त्याच माणसाला बोलावलं. बैठक मांडवगणला, आप्पांच्या वस्तीवर. पाहुण्याला शिरूरच्या स्टँडवरून आणायचं काम मी मागून घेतलं. आप्पांना वाटलं, गडी निवळला.

एप्रिलचं ऊन होतं. त्याच्या पायात चकचकीत बूट. मला बघून तो जरा दचकला, पण मी हसून बॅग घेतली आणि तो सैलावला. मांडवगणच्या अलीकडं एका फाट्यावर मी त्याला उतरवलं, पायवाटेनं जवळ पडतं म्हणून. मग दीड तास माळावरून फिरवलं, ओढे ओलांडत, वळणं घेत. माझा पाय ठणकत होता तरी मला ते चालणं फार आवडलं. एका बाभळीखाली त्यानं बसकण मारली. मी पाण्याचा डबा उचलला.

"थांबा इथं. माणूस येतोय."

त्यानं माझ्याकडं बघितलं. आपलेच शब्द ओळखले त्यानं. पण वाट कुठली ते ठाऊक नव्हतं, तेव्हा थांबण्याशिवाय करतो काय.

वस्तीवर ते नऊ जण जमलेच होते. मी सांगितलं, "पाव्हणे मधूनच परत गेले. जमणार नाही म्हणाले."

"गेला तर गेला," आप्पा म्हणाले. "चहा घ्या."

सगळ्यांनी चहा घेतला. कुठं गेला, कसा गेला, एवढ्या उन्हात कुठल्या गाडीनं, एकानंही विचारलं नाही. मी घड्याळ लावून तासभर बसलो. त्या एका तासात मला कळलं की त्या माणसानं नेपाळात काही मोठी थाप मारली नव्हती. यांना कुणीही काहीही सांगितलं असतं तरी चाललं असतं. त्याच्यावरचा राग कमी झाला नाही, पण त्याहून मोठा राग या नऊ जणांवर आला.

मग मी तो कुठं आहे ते सांगितलं.

"आरं, मरंल की मानूस," आप्पा उठले. "जा, पानी ने त्येला."

"मी जाणार नाही, आप्पा. मला सोडून जे नऊ जण गेले त्यांनी जायचं. चालत."

मास्तरांनी कळशी भरून घेतली आणि ते निघाले, धोतराचा सोगा खोचून आप्पाही निघाले. दिवस मावळताना त्याला दोघांच्या खांद्यावर आणलं. ओठ फुटले होते, एक बूट हातात होता. मी उठून त्याला जागासुद्धा दिली नाही. तो रात्रीच्याच गाडीनं गेला. मला लाज वाटली नाही, आजही वाटत नाही.

त्यानंतर मी पोखऱ्याच्या गुरख्याला लिहिलं, त्याच्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं देऊन. तो तयार झाला. सहापेक्षा कमी माणसं असतील तर निघत नाही, एवढीच त्याची अट. यादी करणं माझ्याकडं आलं. त्या नऊ जणांतला एकही मी घेतला नाही. उरलो आम्ही तिघं, मी आणि पहिल्या वेळी न आलेले दोघं.

एक दिवस आप्पा डेपोत माझ्या खिडकीशी आले. टोपी काढून उभे राहिले.

"तू पळाला न्हवतास," म्हणाले. "आमी बघाया पायजे हुतं. चुकलं. आता माझं वय झालं, एकडाव बर्फ बघू दे. बाकीचेबी येत्यात."

जे ऐकायला मी दीड वर्ष तडफडलो होतो ते हेच. मी पूर्ण ऐकून घेतलं. मग न्हावऱ्याची गाडी लागल्याचं पुकारलं आणि पुढच्या प्रवाशाला खिडकीशी बोलावलं.

माणसं जमली नाहीत, असं गुरख्याला मीच कळवलं.