वास ओढू नये, बोलवावा

बाटलीच्या तोंडावरून हात हलकेच आपल्याकडे हलवायचा, पंगतीत लाजून मागे राहिलेल्या पाहुण्याला पुढे बोलवतात तसा. मग डोळे मिटायचे. "वास ओढू नये जनाब, बोलवावा." आमच्या मास्तरांचं शिकवणं इथून सुरू होई. तुमच्यापैकी जे प्रयोगशाळेत उभे राहिले असतील त्यांना तो हात ओळखीचा असेल. पण इतका अदबशीर हात मी दुसऱ्या कुणाचा पाहिला नाही.

निजामाच्या राज्याची ती शेवटची वर्षं. नामपल्लीजवळच्या एका कॉलेजात मास्तर रसायनाची प्रात्यक्षिकं घेत आणि मी त्यांच्या हाताखाली शिकवत होतो. घराण्यात तीन पिढ्या सरकारी दफ्तरात गेलेल्या. हे एकटेच काचेच्या नळ्यांत रमले. अंगात शेरवानी, तिच्या बाह्यांना आम्लाने पडलेली भोकं. आमच्या खिडकीसमोर इराण्याची भट्टी होती. चारच्या सुमारास पाव निघत. मास्तर खिडकीकडे पाठ करून उभे असले तरी हात हलवून म्हणत, "चार झाले. चला, चहा."

त्यांचं एक यंत्र होतं, स्वतः जुळवलेलं. काचेत काच बसवलेली, वर तांब्याची तार. वीज सोडली की ते माशीसारखं गुणगुणे आणि हवेचा ओझोन होई. वीज कडाडल्यावर येतो तसा त्याचा वास. तो ओझोन रबरी नळीतून तिळाच्या तेलात सोडायचा, दुपारच्या दुपारी, तेल तुपासारखं दाट होईपर्यंत. मास्तरांच्या पत्नीच्या, आमच्या वहिनींच्या, पायाला मधुमेहाची जखम होती, कशानेच भरत नव्हती. या तेलाने ती भरत आली. मग नल्लकुंट्याचे एक डॉक्टर आपल्या दवाखान्यासाठी मागू लागले.

"पण मास्तर, ओझोन तर जाळणारा," मी विचारलं होतं.

"हौ, जाळणाराच. पण तेलात मुरला की त्याची नांगी मोडते. गावात चार दरोडेखोर शिरल्याची नुसती हूल उठली तरी गाव लाठ्या घेऊन उभा राहतो ना? कातडीतल्या पेशींचं तसंच होत असावं. स्वतःचा पहारा स्वतःच बसवतात. अंदाज आहे हं, छापू नका."

तेल कमी मुरलं तर निकामी, जास्त मुरलं तर जखम भाजणार. ते बरोबर झालं का हे मास्तर एकाच गोष्टीवरून ठरवत: नाक. पहिल्या वर्षी नाक बाटलीपासून वीतभर लांब असे. पुढे चार बोटं. शेवटी शेवटी ते बाटलीच्या तोंडालाच टेके. मी चेष्टा करी, "मास्तर, पाहुण्याला बोलवायचं सोडून आता मिठीच मारता." ते हसत आणि खोकत.

चार वाजल्याचंही ते घड्याळात पाहून सांगू लागले होते. मला वाटलं, वय झालं.

एके दिवशी मी फळी आवरताना स्टोव्हचं घासलेट एका रिकाम्या तपकिरी बाटलीत ओतलं आणि चुकून तेलाच्या बाटल्यांच्या रांगेत ठेवलं. मास्तरांनी नेमकी तीच उचलली. बूच काढलं, नाक टेकवलं, डोळे मिटले.

"वा. तयार आहे. आजच दवाखान्यात धाडा."

मी चार हातांवर होतो आणि घासलेटचा वास माझ्या नाकात शिरला होता. उघड्या जखमांवर हे लागलं असतं. मी धावत जाऊन बाटली त्यांच्या हातून ओढून घेतली.

"मास्तर, हे घासलेट आहे."

त्यांनी बाटलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. इतका घाबरलेला माणूस मी तोवर पाहिला नव्हता.

"ही आज माहेरी आहे," ते हळूच म्हणाले. "म्हणून झालं."

मला काहीच कळलं नाही. कळलं ते आठवड्याने, वहिनी गुलबर्ग्याहून परतल्यावर, चिक्कडपल्लीच्या त्यांच्या घरात.

"हौ भाऊजी, दोन वर्षं होऊन गेली. आमटी करपली तरी कळत नाही त्यांना. प्रत्येक बाटली आधी घरी आणायचे. मी वास घ्यायची, मी हो म्हटलं की दवाखान्यात जायची. तुम्हाला सांगू नका म्हणाले. यंत्र बंद कराल म्हणून भीती वाटायची त्यांना."

दर पंधरा दिवसांनी ती रबरी नळी मीच बदलत होतो. ओझोनने तिला भेगा पडत, बोटात धरली की तुकडे होत. त्याच नळीपाशी एक माणूस रोज तासन्‌तास श्वास घेतो आहे, हे माझ्या डोक्यात एकदाही आलं नाही. आणि मी रसायन शिकवत होतो.

"बंद करा मास्तर," मी दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत म्हटलं.

"नक्को. त्या जखमांचं काय? नाक गेलं ते गेलं. आता तुमचं वापरू."

नाकामागून छाती गेली. वर्षभरात जिना चढेना, मग बोलणं होईना. शेवटच्या भेटीत वहिनींनी उशाशी मोगरा ठेवला होता. मास्तरांनी त्यावरून हात हलवला, अगदी तसाच, अदबीने. बराच वेळ वाट पाहिली आणि माझ्याकडे बघून नकारार्थी मान हलवली. मला तिथे बसवेना.

ते गेल्यावर यंत्र मी चालवलं. डॉक्टरांचा निरोप येई, जखमा भरत होत्या, नाही कसं म्हणणार? आठ-नऊ महिने गेले असतील. एका दुपारी बूच काढून वास घेताना ओठांना काहीतरी गार लागलं. बाटलीचा काठ होता. माझं नाक तिच्या तोंडात होतं.

मी यंत्र बंद केलं आणि खिडकी उघडली. समोर भट्टीतून पावाच्या पाट्या बाहेर येत होत्या. मी हात हलवला. वास आला नाही. पुन्हा हलवला. नाही आला. तिसऱ्यांदा आला, अगदी पुसट, आणि मी खिडकीचे गज धरून मास्तरांच्या स्टुलावर बसलो.

ते यंत्र पुन्हा सुरू झालं नाही.