मालोजीअण्णांचे साडेचार तारे

११ जानेवारी, रविवार. दुपारी भिजवलेले अवरेकाळू सोलायला घेऊन बसले होते. थंडीत बंगळूरच्या प्रत्येक बाजारात हे वालासारखे दाणे येतात, आणि एकेक दाणा चिमटीत दाबून साल काढायची म्हणजे अख्खी दुपार जाते. तेवढ्यात इथल्या मराठी मंडळाच्या सेक्रेटरीचा, सायलीचा बेळ्ळंदूरहून फोन आला.

"नीलाताई, मालोजीअण्णांवर न्यूजलेटरसाठी तुम्हीच लिहा ना प्लीज. मस्त, पॉझिटिव्ह लिहा."

"होते तसं लिहीन."

"म्हणजे... चांगलंच ना?"

मी म्हटलं, ज्या माणसानं आयुष्यात कुठल्याही सिनेमाबद्दल वाईट लिहिलं नाही, त्याच्याबद्दल तरी खरं लिहूया. ती हसली आणि म्हणाली, "फक्त फार खरं नको."

अण्णा गेल्या आठवड्यात गेले. ज्यांनी त्यांना पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. उंच, किंचित वाकलेले, हिवाळा-उन्हाळा अर्ध्या बाह्यांचा स्वेटर. सरकारी छापखान्यातून निवृत्त झालेले. त्यांचं घराणं शहाजीराजांच्या काळात इकडं आलं आणि इथंच राहिलं. त्यांच्या मराठीत कानडी शब्द भाकरीतल्या मिठासारखे मिसळलेले असत, वेगळे काढता येत नसत. आणि थिएटरात ते कायम शेवटच्या रांगेत बसत. मला वाटायचं, डोळ्यांना त्रास होत असेल. नंतर लक्षात आलं, ते पडद्याकडं कमी आणि समोरच्या डोक्यांकडं जास्त बघतात. कुणी मोबाइल काढला, कुणी जांभई दिली, सगळं टिपतात. मध्यंतर झालं की सगळ्यांच्या आधी बाहेर येऊन, पार्किंगकडं निघालेल्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणत, "खरं पिक्चर आता आहे हो. आत्तापर्यंत नुसती तयारी होती."

इथं मराठी सिनेमा लागतो म्हणजे काय, ते महाराष्ट्रातल्या माणसाला कळायचं नाही. रविवारी सकाळी एक खेळ, तोही मंडळानं मागितला तर. मॉलमधल्या थिएटरचा मॅनेजर नागेश बुधवारपर्यंत वाट बघतो. निम्म्या खुर्च्यांची नावं आली तर खेळ, नाहीतर त्या जागी दुसरं काही. आणि दोन-तीन वेळा थिएटर रिकामं गेलं तर रविवारच बंद. नावं गोळा करायचं काम माझ्याकडं. लोकांनी नावं द्यावीत म्हणून ग्रुपवर परीक्षण लिहायचं काम अण्णांकडं. ते त्यांना कुणी दिलं नव्हतं, त्यांनीच घेतलं होतं.

परीक्षण कसलं, आरतीच. 'हृदयाला हात घालणारा.' 'छायाचित्रण बघून डोळे निवले.' 'सहकुटुंब बघायलाच पाहिजे.' शेवटी कायम पाचपैकी साडेचार तारे. एकदा विचारलं, "अण्णा, एवढं आवडतं तर पाच का देत नाही?"

"पाच दिले तर लोकास्नी संशय येतो गे," ते म्हणाले.

मला साडेचारांवरच येत होता. मी बोम्मसंद्र्याला एका कारखान्यात मालाची तपासणी करते. बाहेरून आलेले सुटे भाग पास करायचे की परत पाठवायचे, हे ठरवणं माझं काम. संशय ही माझी सवय नाही, नोकरी आहे. साडेचार ताऱ्यांच्या भरवशावर मी नवऱ्याला रविवारी पहाटे उठवून नेलं होतं आणि त्या सिनेमात नायक एकाच झाडाखाली तीन गाणी म्हणाला होता.

मला पहिला संशय आला तो पैसे खाण्याचा. एका निर्मात्यानं मंडळाच्या कार्यक्रमात अण्णांना शाल घातली होती, खांद्यावर हात टाकून फोटो काढला होता. पुढच्या महिन्यात त्याच्याच सिनेमाला साडेचार. दुसरा संशय आणखी वाईट होता. इथं सिनेमा यायच्या आत यांचं परीक्षण येतं कसं? मला वाटलं, हे बघतच नाहीत. ट्रेलर बघून लिहितात.

हे मी एकदा त्यांच्या बायकोजवळ बोलले. त्यांना सगळे अक्का म्हणतात. जयनगरात त्यांच्या घरी हळदीकुंकवाला गेले होते. अक्कांनी कपाळाला हात लावला.

"बघत न्हाईत? अगे, बेळगावला जातात! शुक्रवारी तिथं लागतं न्हवं पिक्चर. रात्रीच्या बसनं जायचं, बघायचं, परत बसनं यायचं. या वयात. आणि आले की मला ऐकवतात. त्या हिरोला चालता येत न्हाई, त्या बाईला रडता येत न्हाई, लिहिणाऱ्याला लिहिता येत न्हाई. दोन दिवस माझं डोकं खातात. मग चहा घेतात आणि साडेचार तारे देतात."

"आणि ती शाल?"

"ती मोलकरणीला दिली. टोचत होती."

म्हणजे दोन्ही संशय गेले आणि तिसरा आला. हा माणूस आंधळा नाही, विकलेला नाही, मग खोटं का बोलतो? त्याच दिवशी निघताना अण्णांना दारातच गाठलं. चप्पल घालता घालता विचारलं.

"स्वल्प थांब," ते म्हणाले आणि कठड्यावर टेकले. "तुझी मराठी पुण्याची. फोन फिरवलास की आई बोलते, बहीण बोलते. आमची साडेतीनशे-पावणेचारशे वर्षं घरात बसून आहे. नातवंडं इंग्लिश बोलतात, शेजारी कन्नड. हिला बाहेर कुठं न्यायची म्हटलं तर महिन्यातून एक पिक्चर."

"म्हणून लोकांना फसवून न्यायचं?"

"पिक्चर वाईट असू दे की. आलेल्या माणसाचा रविवार वाईट गेला काय, ते विचार."

"माझा गेला," मी म्हटलं.

ते इतके हसले की अक्का आतून बघायला आल्या.

पण लोक मूर्ख नसतात. हळूहळू अण्णांचं परीक्षण आलं की ग्रुपवर हसण्याची चित्रं यायला लागली. सायलीनं एकदा लिहिलं, 'अण्णा, तुम्ही आमच्या सोसायटीच्या लिफ्टलाही साडेचार द्याल.' बेळ्ळंदूरहून रिंग रोडची गर्दी तुडवून यायचं, ते सुद्धा रविवारी, यासाठी माणसाला काहीतरी खात्री लागते. नावं कमी येऊ लागली. नावं दिलेलेही येईनात, दोन रविवार थिएटर अर्ध्याहून रिकामं गेलं. नागेशनं मला सांगितलं, "मेडम, इन्नोंद सल." आणखी एकदाच. पुढच्या वेळी भरलं नाही तर मराठी खेळ बंद.

आणि नेमका तेव्हा तो सिनेमा आला.

अण्णा सोमवारी संध्याकाळी बेळगावच्या बसमधल्याच कपड्यांत असल्यासारखे माझ्या दारात उभे. मिरजेच्या दवाखान्यांजवळ रुग्णांच्या नातेवाइकांसाठी लॉज चालवणाऱ्या दोन बहिणींची गोष्ट होती. पाणीसुद्धा घेतलं नाही, सांगतच सुटले. त्यांचं परीक्षण सकाळीच ग्रुपवर आलं होतं. या वेळी पाच तारे दिले होते. त्यावर कुणीतरी लिहिलं होतं, 'अभिनंदन, अण्णा. प्रमोशन!' नावं आली होती फक्त सात.

"खरंच चांगलं आहे गे. देवाशप्पथ. माझं कुणी ऐकत न्हाई. तू लिही. तू कशाला चांगलं म्हणत न्हाईस, तुझं ऐकतील."

"मी बघितलेला नाही."

"मी बघितलाय न्हवं!"

"तोच तर प्रश्न आहे."

ते खुर्चीत बसले. हात गुडघ्यांवर. मला वाईट वाटलं नाही असं नाही, पण वाईट वाटलं म्हणून माल पास करत नाहीत. मी म्हटलं, "अण्णा, आमच्याकडं माल येतो, सोबत पाठवणाऱ्याचा तपासणीचा कागद येतो. ज्या कागदावर एकही दोष लिहिलेला नसतो, ती पेटी मी आधी उघडते. मला या सिनेमातले दोष सांगा."

"चांगल्या पिक्चरचे दोष सांगू?"

"सांगा. अक्कांना सांगता तसे."

त्यांनी स्वयंपाकघराच्या दिशेनं बघितलं, जणू अक्का तिथंच उभ्या आहेत. मग बोलू लागले. धाकटी बहीण मिरजेची, पण बोलते पुण्यासारखी. सुरुवातीला फार वेळ नुसत्या किल्ल्या देणं-घेणं, गोष्ट हलत नाही, माणूस घड्याळ बघेल. आणि शेवटी मामा रडतो तो प्रसंग. "मामा रडतो, व्हायोलिन रडतं, मग बघणाऱ्यानं काय करायचं?" बोलताना त्यांचे हात हलत होते, डोळे बारीक झाले होते. एवढी वर्षं साडेचार ताऱ्यांमागे हा माणूस बसलेला होता.

मी तिथल्या तिथं ग्रुपवर लिहिलं. 'हे अण्णांनी सांगितलेले दोष आहेत. एवढं चालत असेल तर या.' खाली तिन्ही दोष आणि माझं नाव. बुधवारपर्यंत थिएटर भरलं. ज्यांनी आयुष्यात अण्णांचं ऐकलं नव्हतं, त्यांनीसुद्धा जागा सांगितल्या.

सिनेमा चांगला होता. फार चांगला होता. किल्ल्यांचा भाग लांबला होता, धाकटी पुण्यासारखी बोलत होती, आणि मी मामा रडायची वाट बघत होते. मामा आला, चहा प्यायला, दोघींच्या डोक्यावर हात ठेवला आणि रिक्षात बसून गेला. दिवे लागले.

बाहेर अण्णा लोकांचे हात हातात घेत उभे होते. मी त्यांना खांबाआड ओढलं.

"मामा रडला नाही."

"न्हाई रडत तो."

"मग?"

"दोनच दोष होते गे." त्यांनी आजूबाजूला बघून आवाज खाली आणला. "दोनावर तू ऐकली नसतीस. तिसरा घातला."

आमच्या कारखान्यात असं करणाऱ्याचं नाव माल पुरवणाऱ्यांच्या यादीतून कायमचं जातं. तेवढ्यात सायली मागून आली. तिनं ऐकलं होतं. "म्हणजे अण्णा, आता वाईट रिव्ह्यूवर पण विश्वास ठेवायचा नाही?"

"ठेवायचा," अण्णा म्हणाले, "पण स्वल्प."

मी त्याच दिवशी ग्रुपवर खुलासा टाकला, की मामाच्या रडण्याचा दोष सिनेमात नाही, तो अण्णांच्या पदरचा आहे. मला वाटलं होतं लोक चिडतील. कुणी चिडलं नाही. उलट पुढच्या परीक्षणाखाली लोक विचारू लागले, 'यात मामा रडतो का?' अण्णा पुन्हा साडेचार ताऱ्यांवर आले. मी त्यांच्याशी दोन महिने जेवढ्यास तेवढं बोलले. त्यांनी ते लक्षात आल्याचं दाखवलं नाही, दर वेळी माझ्यासाठी कडेची खुर्ची मात्र धरून ठेवली.

गेल्या पावसाळ्यापासून त्यांना बेळगावला जाणं जमेना. परीक्षणं थांबली, नावंही पुन्हा घटली. शेवटचं भेटायला गेले तेव्हा पलंगावर पडून होते, आवाज बसलेला. मी विचारलं, "अण्णा, खरं सांगा. त्या निर्मात्याच्या सिनेमाला साडेचार दिलेत, तो किती ताऱ्यांच्या लायक होता?"

त्यांनी मान माझ्याकडं वळवली. "थिएटर भरलं होतं," ते म्हणाले.

उत्तर मला पटलं नाही. आजही पटत नाही. लोकांना जे सांगायचं ते खरं सांगावं, मग त्यांनी यायचं की नाही ते ठरवावं. पण हेही खरं की गेली काही वर्षं आमच्या महिन्याचा तो एक रविवार टिकला तो माझ्या खरेपणामुळं नाही. मी फक्त नावं लिहून घेत होते. हा लेख मी तारे न देता संपवणार होते, आणि तेवढं लिहून झोपले.

दुसऱ्या दिवशी सकाळी कारखान्याच्या बसमध्ये होते तेव्हा नागेशचा फोन आला. अण्णांबद्दल दोन शब्द बोलला, मग कामाचं. एक सिनेमा आहे, मंडळाला हवा का? मागचे दोन खेळ पडले आहेत याचीही त्यानं आठवण करून दिली. "पिक्चर हेंगिदे, मेडम?" कसा आहे? हे तो दर वेळी अण्णांना विचारत असे.

तो सिनेमा माझ्या बहिणीनं साताऱ्यात बघितला होता. मी म्हटलं, "सुमारागिदे."

त्यानं विचारलं, "मग शो नको?"

"हवा," मी म्हटलं. "आम्ही येतो."

फोन ठेवून ग्रुपवर लिहिलं. 'रविवारचा सिनेमा सुमार आहे. माझ्या बहिणीला बघताना दोनदा झोप लागली. तरी या. नावं बुधवारपर्यंत.' पहिलं उत्तर सायलीचं आलं. 'ताई, झोप मध्यंतराच्या आधी की नंतर?'

बहिणीला फोन लावून विचारलं. एकदा आधी, एकदा नंतर. तसं कळवलं. सायलीनं दोन जागा धरायला सांगितल्या.