भैयाजींच्या वतीनं दोन शब्द

श्रीकांतराव बोधनकर म्हणजे वर्षातले तीनशे चौसष्ट दिवस मान खाली घालून जगणारा माणूस. खमरियाच्या सरकारी कारखान्यात बत्तीस वर्षं कारकुनी केली, पण साहेबासमोर कधी ब्र काढला नाही. घरीही बोलायचं काम विनतावहिनींकडे. उरलेल्या एका दिवशी मात्र त्यांच्या अंगात पुढारी संचारायचा. हिंदी मुलखातल्या महाराजपुरात, तिथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत, सातव्या दिवशी संध्याकाळी, स्वतः लिहिलेल्या फार्सात ते पांढरा कुर्ता घालून उभे राहत आणि हात जोडून असं काही हसत, की बघणाऱ्याला आपोआप खिसा चाचपावासा वाटे.

यंदा वहिनींनी बजावलं होतं. "रिटायर व्हायला चार महिने राहिले तुमचे. सरकारी माणसानं पुढाऱ्याची नक्कल करावी काहून? कोणी तक्रार केली तर जाता जाता चौकशी मागं लागंल."

"अगं, आपलेच लोक पाहतात, तेही मराठीत. भैयाजीला कोण सांगून राहिलं?"

भैयाजी म्हणजे वॉर्डाचे पार्षद, आपल्याकडचे नगरसेवक. कॉलनीतल्या एकाच नालीचं त्यांनी तीनदा उद्घाटन केलं होतं. एकदा निवडणुकीआधी, एकदा निवडून आल्यावर आणि एकदा पक्ष बदलल्यावर. नाली अजून व्हायची होती. यंदाचा फार्स तिच्यावरच होता.

सातव्या दिवशी सव्वासातला श्रीकांतराव पडद्यामागे तयार होते. भैयाजींसारखा कुर्ता, तसाच गमछा, कपाळावर टिळा, गळ्यात झेंडूचा हार. पुठ्ठ्याच्या नालीवर फीत ताणलेली, शेजारी ताटात कैची. तेवढ्यात बाहेर तीन गाड्या थांबल्या आणि खुद्द भैयाजी दर्शनाला हजर झाले.

"आरती करेंगे," ते माइकवर म्हणाले, "फिर आपका नाटक भी देखेंगे. आठ बजे अधारताल पहुँचना है, अभी टाइम है अपने पास."

श्रीकांतराव पुढे सरकले. पडद्याच्या फटीतून वहिनींचा चेहरा दिसला, पांढराफटक. बत्तीस वर्षं निष्कलंक सांभाळलेली नोकरी शेवटच्या चार महिन्यांत डागाळणार, या विचारानं त्यांना खरंच रडू यायला लागलं. फटीजवळच पेटीवर क्षमाताई बसल्या होत्या, सत्तरीच्या, संगीताच्या निवृत्त शिक्षिका. त्यांच्यापुढे हात जोडून ते एवढंच पुटपुटले, "ताई, लांबवा."

क्षमाताईंना दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही.

भैयाजींनी मानाचं ताट उचललं. अस्सल पितळी, चांगलं वजनदार. इतर मंडपांत एक आरती झाली की प्रसाद, त्याच अंदाजानं. गणपतीची झाली. ते ताट ठेवायला वाकले, तर शंकराची सुरू झाली. ती संपल्यावर माइककडे वळले, तर देवीची. मराठी माणूस एखादे वेळी सभा वेळेवर संपवेल, आरत्या नाही. विठोबाच्या आरतीत क्षमाताईंनी असा सूर ओढला, की भैयाजींनी दोनदा डोळे उघडून बघितलं. दत्ताची झाली, ज्ञानेश्वरांची झाली, कुणाला तरी आजोळची खंडोबाची आठवली. फोटोवाला समोर असल्यामुळे ताट दुसऱ्याकडे देता येईना. हात भरून आले. इतका वेळ उभं राहून दुसऱ्याचं ऐकण्याची त्यांच्या आयुष्यातली ही पहिलीच वेळ असावी.

मंत्रपुष्पांजलीची फुलं त्यांनी पहिल्याच ओळीला उधळली आणि पुढचा सगळा वेळ रिकामी मूठ धरून काढला. आठला दहा मिनिटं कमी असताना त्यांच्या सेक्रेटरीनं घड्याळ दाखवलं. गर्दी टाळायला तो त्यांना मागच्या दारानं घेऊन निघाला, म्हणजे थेट पडद्यामागे.

तिथे दोघं समोरासमोर आले. श्रीकांतरावांनी डोळेच मिटून घेतले.

"अच्छा, तुम यहाँ हो," भैयाजी म्हणाले.

श्रीकांतरावांनी डोळे उघडले. भैयाजींच्या मागे त्यांचे चार कार्यकर्ते उभे होते. चौघांचा तोच कुर्ता, तोच गमछा, तोच टिळा. हसूसुद्धा तेच. पाचवा दिसला म्हणून भैयाजींना नवल वाटायचं काही कारणच नव्हतं.

मग त्यांना फीत दिसली. कशाचं उद्घाटन, हे त्यांनी विचारलं नाही. हात सवयीनं कैचीकडे गेला, फीत कापली गेली, चौघांनी टाळ्या वाजवल्या.

"हमको निकलना है," श्रीकांतरावांच्या खांद्यावर हात ठेवून ते म्हणाले. "तुम रुको. हमारी तरफ से दो शब्द बोल देना."

"जी," श्रीकांतराव म्हणाले.

गाड्या गेल्या तशा वहिनी धावत मागे आल्या. "पाहिलं काय हो त्यांनी तुम्हाला?"

"पाहिलं. ड्यूटी लावून गेले."

सगळं ऐकल्यावर वहिनी पदर तोंडाला लावून हसत सुटल्या आणि हसता हसता त्यांनी डोळे पुसले. श्रीकांतरावांच्या छातीवरचा धोंडा उतरला होता. त्यांनी हार सारखा केला.

पडदा उघडला तेव्हा नालीवर कापलेली फीत लोंबत होती. श्रीकांतरावांनी हात जोडले आणि घसा साफ केला. बत्तीस वर्षांत त्यांनी वरून आलेला एकही हुकूम मोडला नव्हता. हाही मोडला नाही.