मागचा माल पुढे

खोक्यांच्या कारखान्याच्या मालकांनी मशीनकाकांना सांगितलं, "आम्ही आता स्वतःचंच मशीन घेतलंय, तुमचं सोमवारपर्यंत न्या," तेव्हा काका "बरं" म्हणाले. बस्स, एवढंच. अकरा वर्षांची जागा हातची जाते आणि माणूस "बरं" म्हणतो, याचं मालकांनाच जरा वाईट वाटलं. त्यांनी भांडणाची सगळी तयारी करून ठेवली होती आणि समोरचा गडी मैदानातच उतरला नाही. "राग मानू नका हं काका," ते उगाचच म्हणाले. काकांनी मान हलवली आणि स्वतःच्या मशीनमध्ये बिस्किटांचे पुडे भरून टाकले, कारण त्या दिवशी गुरुवार होता आणि गुरुवारी इथे बिस्किटं भरायची असत.

काकांचा धंदा तसा सरळ. खाण्यापिण्याची मशीनं विकत घ्यायची, ती कारखान्यांत, दवाखान्यांत, कचेऱ्यांत नेऊन उभी करायची आणि आठवडाभर व्हॅनमधून फिरून भरायची. पैसे टाकले, बटण दाबलं की काचेआडची स्प्रिंग फिरते आणि पुडा खाली पडतो. घेणाऱ्याला एवढंच दिसतं. त्यामागे काकांची बावीस वर्षं होती. मशीनच्या कुशीला तळहात लावून ते आतला गारवा बरोबर आहे की नाही सांगत. कोणत्या खणातली स्प्रिंग अडखळते ते त्यांना आवाजावरून कळे. कारखान्यातली माणसं त्यांना नावाने ओळखतच नसत. मशीनकाका आले, की पॅकिंगच्या बायका लांबूनच ओरडत, "काका, खारे शेंगदाणे संपलेत दोन दिवस झाले, झोपला होता का?" आणि काका तोंडाने उत्तर न देता शेंगदाण्यांचं पाकीट वर धरून दाखवत.

स्वतःचं मशीन घेणारा मालक काकांना काही नवा नव्हता. असल्या मालकांची तर त्यांच्याकडे एक छोटी यादीच होती. एका दातांच्या डॉक्टरांनी मशीन घेतलं आणि त्यात बिनसाखरेचा माल ठेवला. तो दोन महिन्यांत कुणीही घेतला नाही, आता त्यात डॉक्टरांच्या फायली असतात. व्यायामशाळेच्या मालकांनी घेतलं आणि निम्मा माल स्वतःच फस्त केला. टायरवाल्यांनी किल्ली हरवली आणि आतल्या चॉकलेटांकडे काचेतून बघत बसले. मशीन म्हणजे दुभती गाय, दारात बांधली की झालं, असा या मंडळींचा समज असतो. तिला चारा कोण घालणार, शेण कोण काढणार, हे गाय दारात आल्यावर आठवतं. मग तीन-चार महिन्यांनी काकांना फोन येतो, "जरा येऊन बघता का?" काका पूर्वी अशा वेळी मिशीत हसायचे, दोन टोमणे मारायचे, काकूंना येऊन रंगवून सांगायचे.

हे पूर्वीचं झालं. अलीकडे काकांना आतून काही होईनासंच झालं होतं. कधीपासून, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. कुणी गेलं नव्हतं, काही बुडालं नव्हतं, दुखतखुपत नव्हतं. लेकीचा फोन आला, नोकरीत कायम झाले म्हणून, काका म्हणाले, "बरं." काकूंनी त्यांना ओढून डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि रक्त उत्तम असल्याचं सांगितलं. "रक्ताबद्दल माझी तक्रारच नव्हती," काकू जिना उतरताना म्हणाल्या. काका हसले नाहीत. काकूंनाही मग पुढे बोलण्याचा कंटाळा आला.

सोमवारी संध्याकाळी, कामगार घरी गेल्यावर, काका मेहुण्याला घेऊन मशीन न्यायला गेले. जुनं मशीन भिंतीपासून सुटलं तेव्हा मागे फरशीचा एक स्वच्छ चौकोन निघाला आणि त्याच चौकोनावर मालकांचं नवंकोरं मशीन येऊन बसलं. त्याच रंगाचं, जवळजवळ तेवढंच. मशीन मालकांचं असलं तरी भरण्याचं काम ऑफिसातल्या बाईंच्या गळ्यात पडलं होतं. बिचाऱ्या हिशेब, टपाल, फोन सांभाळून आता हेही करणार होत्या, तेही संध्याकाळी कामगार गेल्यावर. त्यांच्या पायाशी चॉकलेट दुधाच्या बाटल्यांचे दोन खोके होते. पहिला खोका त्यांनी स्प्रिंगमध्ये मागपर्यंत नीट लावला. चाचणी म्हणून मालकांनी बटण दाबून चार बाटल्या काढल्या, ऑफिसातल्या मंडळींनी टाळ्या वाजवल्या, दूध प्यायलं. मग पुढे सरकलेल्या बाटल्या बाईंनी पुन्हा मागे ढकलल्या आणि पुढच्या चार जागांत दुसऱ्या खोक्यातल्या चार बाटल्या खोचल्या. पुढच्या बाजूनेच.

काका दारापाशी जुन्या मशीनचे पट्टे आवळत होते. त्यांचे हात थांबले. या धंद्यात लिहिता-वाचता न येणारा माणूसही पहिल्या दिवशी एक गोष्ट शिकतो: मागचा माल पुढे, नवा माल मागे. आधी खणातला जुना माल पुढे ओढायचा, मग मागच्या मोकळ्या जागेत नवा भरायचा. दर वेळी मागे ढकलून पुढूनच भरत गेलं तर मागचा माल कधी बाहेर पडतच नाही. तो तिथेच बसून राहतो, त्याची मुदत संपते, आणि काचेतून सगळं ताजंतवानं दिसत राहतं. मग कधीतरी भरणारी व्यक्ती आठवडाभर रजेवर जाते, पुढचा माल संपतो, आणि मागचा पुढे येतो.

एवढं सांगायला एक वाक्य लागलं असतं. पूर्वीचे काका असते तर त्यांनी खोकाच हिसकावून घेतला असता, "अहो बाई, हे कपाट नव्हे!" म्हणून ओरडले असते. काकांनी तोंड उघडलं. पण ते वाक्य त्यांना फार लांब वाटलं, आणि तिथपर्यंत जाण्याचं काही कारण सापडेना. तोंड पुन्हा मिटलं. "भावजी, धरा की," मेहुणा म्हणाला. काकांनी मशीन धरलं.

ते मशीन घरात बाहेरच्या खोलीत येऊन उभं राहिलं, कारण काकांच्या माल ठेवायच्या गाळ्यात जागा नव्हती. काकूंनी त्यावर जुनी चादर टाकली. येणाऱ्याजाणाऱ्याला आधी चादरच दिसे आणि तो आवाज खाली आणून बोलायला लागे. पुढच्या सहा महिन्यांत आणखी दोन मालकांनी खोक्यांच्या कारखान्याचं बघून स्वतःची मशीनं घेतली. उरलेल्या जागांवर व्हॅनचं पेट्रोलही जेमतेम निघत होतं. शेजारच्या भागात मशीनं लावणारा एक जण होता, त्याला सगळे गॉगल म्हणत, कारण तो तळघरातही गॉगल काढत नसे. तो काकांचा सगळा धंदा, मशीनं आणि जागांसकट, घ्यायला तयार होता. काकांना तो व्हॅन चालवायला ठेवणार होता. काकांच्याच व्हॅनवर.

"महिनाअखेरीपर्यंत एखादी मोठी जागा आली तर ठीक," काकू म्हणाल्या. "नाहीतर द्या त्याला. पण तुम्ही त्याच्या हाताखाली राबणार, हे मला बघवणार नाही. एवढं सांगून ठेवते."

काका म्हणाले, "बरं."

महिना संपायला सहा दिवस उरले असताना खोक्यांच्या मालकांचा फोन आला. आवाज एकदम मवाळ. कारखान्यात खोक्यांना चिकटपट्टी लावणाऱ्या एक मावशी होत्या. त्यांनी मशीनमधलं चॉकलेट दूध प्यायलं आणि त्यांना उलट्या सुरू झाल्या. तीन दिवस दवाखान्यात होत्या. आता बऱ्या होऊन कामावर आल्या आहेत, पण कामगार बिथरलेत. ऑफिसातल्या बाई आधी दहा दिवस रजेवर होत्या, मशीनला कुणी हात लावला नव्हता.

"तुमचं मशीन परत आणा काका," मालक म्हणाले. "आमचंही तुम्हीच चालवा, आणि माझ्या भावाच्या दोन्ही कारखान्यांतलं कामही तुमचंच. फक्त एक करा. आमच्या मशीनवर तुमचा स्टिकर लावा आणि सगळ्यांसमोर सांगा, की भरायचं काम तुमच्याकडेच होतं, तुमच्याकडून राहून गेलं. लेखी काही नाही. तुमच्यावर जीव आहे त्यांचा, तुम्हाला माफ करतील. माझं नाव आलं तर उद्या नुकसानभरपाई, परवा आणखी काही."

काका म्हणाले, "बरं."

काकूंचा जीव भांड्यात पडला. मग तो भांड्यातून पुन्हा थोडा वर आला. "पण तुम्ही भरलं नव्हतं ना?"

"नाही."

"मग तुम्ही कशाला घ्यायचं अंगावर?"

"काय फरक पडतो?" काका म्हणाले. आणि खरोखरच त्यांना पडत नव्हता. काकूंनी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं, चादर मशीनवरून ओढली आणि घडी घालायला घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका कारखान्यात गेले. मालकांचं मशीन उघडून त्यांनी एकेक खण रिकामा केला. चॉकलेट दुधाच्या खणात तीन बाटल्या उरल्या होत्या, अगदी मागच्या. काकांनी चष्मा लावून तारीख वाचली. मुदत कधीच उलटून गेली होती. बाटल्या त्यांनी ओळखल्या; या त्या पहिल्याच खोक्यातल्या, पट्टे आवळताना त्यांच्यासमोर लावलेल्या. त्यांनी बाटल्या पिशवीत टाकल्या, खण पुसला, आणि काचेवर आपला स्टिकर लावून त्यावरून अंगठा फिरवला.

चहाच्या सुट्टीत मालकांनी सगळ्यांना मशीनपाशी बोलावलं. चाळीसएक माणसं अर्धवर्तुळात उभी राहिली. ऑफिसातल्या बाई दारापाशीच थांबल्या. त्यांनी वर पाहिलं नाही. "झालं ते वाईट झालं," मालक म्हणाले. "काकांना स्वतःलाच फार लागलंय. त्यांच्याकडून जुना माल आत राहून गेला. ते तुमची माफी मागायला आलेत. हो ना काका?"

काका बोलायच्या आतच चिकटपट्टीवाल्या मावशी पुढे आल्या. आजारपणाने त्यांचा चेहरा ओढला होता आणि हातातल्या बांगड्या मनगटावर ढिल्या झाल्या होत्या.

"माफी कसली मागताय," मावशी म्हणाल्या. "चुकी माझीपण आहे. झाकण उघडलं तेव्हाच मला वास आला होता. शेजारची म्हणाली, पिऊ नकोस. मी म्हटलं, अगं, मशीन नवं आलं म्हणून काय झालं, भरणारे काकाच असणार ना, आपण गेल्यावर येत असतील. अकरा वर्षं खातोय त्यांच्या हातचं, कधी पोट बिघडलंय का? आणि प्यायले, डोळे झाकून." त्या हसल्या. "जाऊ द्या. माणसाच्या हातून होतं कधीतरी."

काकांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. मग गाल, मग मान. त्यांना लाज वाटत होती. किती महिन्यांनी काहीतरी वाटलं होतं, आणि ते एवढं होतं की पायांखालची फरशी हलल्यासारखी झाली. त्यांनी मशीनच्या कुशीला हात टेकला.

"मी भरलं नव्हतं," ते म्हणाले.

मालक पटकन पुढे सरकले. "काका, आपलं बोलणं झालंय."

"मशीन माझं नाही. स्टिकर आज सकाळी लावलाय." काका मालकांकडे न बघता मावशींशीच बोलत होते. "पण ते भरताना मी इथेच होतो. या दारापाशी. पुढून भरत होत्या. मागच्या बाटल्या मागेच राहणार, हे मला दिसत होतं. तिथल्या तिथे कळलं होतं मला."

 ऑफिसातल्या बाई रडायला लागल्या. "तुमचं मशीन आणू नका," मालक दबक्या आवाजात म्हणाले. "भावाकडेही जाऊ नका." आणि ते तरातरा ऑफिसात निघून गेले. काकांना ऐकू आलं, आणि त्याचा अर्थ काय तेही कळलं: गॉगल, व्हॅन, काकूंची घडी घातलेली चादर, सगळं. पण त्यांची नजर मावशींवरून हलली नाही.

मावशी हसायच्या थांबल्या होत्या. "कळलं होतं," त्या म्हणाल्या, "मग सांगितलं का नाहीत?"

काकांनी मनात शोधलं. रागाने नाही सांगितलं, असं म्हणता आलं असतं. जागा काढून घेतली म्हणून, भोगा म्हणावं आता. राग मावशींना समजला असता. पण राग नव्हता. मालकांची भीती नव्हती. विसरलेही नव्हते.

"असंच," काका म्हणाले.

"असंच?"

सुट्टी संपल्याची घंटा झाली. माणसं एकेक करून आपापल्या जागी निघाली, कुणीतरी मावशींच्या पाठीला हात लावून "चल" म्हणालं. मावशी हलल्या नाहीत. त्या काकांच्या तोंडाकडे बघत तिथेच उभ्या राहिल्या, पुढचं ऐकायला.